मोठ्या विद्यापीठातून गावच्या महाविद्यालयाकडे: विषयबदलाची वाट

उच्च शिक्षणातील प्रवास गावाकडून शहराकडे आणि लहान संस्थेकडून मोठ्या संस्थेकडेच व्हायचा, असे महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांनी गृहीत धरलेले असते, आणि त्यामुळे शहरातील चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम मध्येच सोडून, विषय बदलून, घराजवळच्या महाविद्यालयात नाव घालणाऱ्या विद्यार्थ्याकडे हरलेला म्हणून पाहिले जाते. ‘इंजिनिअरिंग सोडून आला’ असे त्याच्याविषयी बोलले जाते. त्याने कोणता विषय सोडला, कोणता धरला आणि का, हे फारसे कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या शिक्षणव्यवस्थेत या उलट्या वाटेला स्वतंत्र नाव आहे, तिचे नियम ठरलेले आहेत आणि दरवर्षी असंख्य विद्यार्थी तिच्यावरून जातात. भारतात 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ही वाट कागदावर आखली गेली असली, तरी तालुक्याच्या पातळीवर ती अद्याप चालण्याजोगी झालेली नाही, आणि तिची सर्वाधिक गरज असलेला विद्यार्थी तालुक्यातच राहतो.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे गाव या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य आहे. करमाळा शहराला रेल्वे नाही. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे स्थानक तालुक्यातील विद्यार्थ्यांना एका बाजूस पुण्याशी आणि दुसऱ्या बाजूस कुर्डुवाडी व सोलापूरशी जोडते. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या जलाशयाकाठी गेल्या काही दशकांत ऊस आणि केळी यांची शेती वाढली, हाती थोडा पैसा आला, आणि बारावीनंतर मुलामुलींना पुण्यात अभियांत्रिकीला घालण्याची ऐपत, निदान कर्ज काढण्याची हिंमत, अनेक घरांत निर्माण झाली. त्याच जेऊरमध्ये भारत महाविद्यालय आहे, जे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे पुण्यास नेणारी गाडी आणि पदवीचे महाविद्यालय या दोन्ही गोष्टी एकाच गावात आहेत. परंतु गाडीने गेलेल्या विद्यार्थ्याने पुन्हा महाविद्यालयाकडे वळावे, अशी सोय कोणी विचारपूर्वक केलेली नाही.

विषय बदलण्याची वेळ का येते, हे समजून घेण्यासाठी विषय मुळात कसा निवडला जातो ते पाहावे लागते. दहावीच्या निकालानंतर, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी, विद्यार्थी विज्ञान, वाणिज्य किंवा कला यांपैकी एका शाखेत जातो, आणि ही निवड आवडीवर कमी व टक्केवारीवर अधिक अवलंबून असते. गुण चांगले असतील तर ‘सायन्स साइड’, हा निर्णय घरात बहुधा चर्चेविनाच होतो. बारावीनंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आणि तिच्या आधारे होणारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया यांतून विद्यार्थ्याला जी शाखा मिळते, ती त्याच्या पसंतीक्रमात वर असेलच असे नाही. स्थापत्य, यंत्र, संगणक यांपैकी कशाचेही काम जवळून न पाहिलेला विद्यार्थी अठराव्या वर्षी चार वर्षांसाठी त्या विषयाशी बांधला जातो. पहिल्या सत्रात गणित आणि अभियांत्रिकी आलेखन राहते. मग राहिलेले विषय घेऊन पुढील वर्गात जाण्याची जी मुभा विद्यापीठ देते, जिला विद्यार्थी ‘एटीकेटी’ म्हणतात, तिच्यावर एक वर्ष निघते. दुसऱ्या वर्षी राहिलेल्या विषयांची संख्या मर्यादेपलीकडे जाते आणि वर्ष वाया जाते. या सगळ्यात विद्यार्थ्याला इतिहासात, अर्थशास्त्रात, शेतीच्या व्यापारात किंवा भाषेत खरा रस आहे, हे त्याला स्वतःला कळले असले तरी घरी सांगता येत नाही, कारण भरलेले शुल्क आणि काढलेले कर्ज त्याच्या डोळ्यांसमोर असते. चुकीच्या विषयात घालवलेले प्रत्येक पुढचे सत्र हे आधीचे नुकसान भरून काढत नाही, ते वाढवते, ही गोष्ट पालकांना कोणीतरी स्पष्टपणे सांगण्याची गरज आहे.

अमेरिकेत या अडचणीवर जो उपाय निघाला, त्याचा उगम इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी 1901 मध्ये सुरू झालेल्या कनिष्ठ महाविद्यालयात आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या संस्थेत पदवीची पहिली दोन वर्षे गावातच शिकवली जात आणि उरलेली दोन वर्षे विद्यार्थी विद्यापीठात पूर्ण करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा संस्थांचे देशभर जाळे उभारण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. आज तेथे अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत. त्यांचे शुल्क कमी असते, प्रवेश जवळजवळ सर्वांना खुला असतो, आणि विद्यार्थी बहुधा घरी राहून, नोकरी करत शिकतात. तेथून चार वर्षांच्या विद्यापीठात जाणे ही सरळ वाट. परंतु विद्यापीठात पहिले वर्ष काढल्यावर विषय जमत नाही, खर्च झेपत नाही किंवा दिशा बदलायची आहे, म्हणून विद्यापीठ सोडून घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात येणे हीही तेथे मान्य असलेली वाट आहे, आणि तिला ‘रिव्हर्स ट्रान्सफर’, म्हणजे उलटे स्थलांतर, असे म्हणतात. असा विद्यार्थी कमी खर्चात नव्या विषयाचे पायाभूत पाठ घेतो, रस टिकतो का ते पाहतो, आणि मग पुन्हा विद्यापीठाकडे वळतो. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना क्युपर्टिनोतील 1967 साली सुरू झालेल्या डी अँझा कॉलेजसारख्या संस्थांमुळे ही पद्धत परिचयाची आहे.

ही व्यवस्था केवळ उदार धोरणावर चालत नाही, तर हिशेबावर चालते. फ्लोरिडा राज्याने 1971 मध्ये आपली कम्युनिटी कॉलेजे आणि विद्यापीठे यांच्यात राज्यव्यापी करार केला, आणि पुढे सर्व सार्वजनिक संस्थांतील अभ्यासपाठांना सामाईक क्रमांक देण्याची पद्धत बसवली. एका संस्थेत घेतलेला अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ दुसऱ्या संस्थेत त्याच क्रमांकाने ओळखला जात असल्यामुळे तो मान्य करायचा की नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्यागणिक नव्याने ठरवावे लागत नाही. विद्यार्थ्याला विषय बदलण्याचे धैर्य येते ते अशा व्यवस्थेमुळे, कारण सोडताना आपल्या पदरात काय राहील हे त्याला आधीच ठाऊक असते.

भारतानेही कम्युनिटी कॉलेज हे नाव घेतले. पुदुच्चेरी विद्यापीठाने 1995 मध्ये आणि त्यानंतर चेन्नईतील ख्रिस्ती शिक्षणसंस्थांनी 1996 मध्ये अशी महाविद्यालये सुरू केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 पासून निवडक महाविद्यालयांना कम्युनिटी कॉलेज योजनेखाली साहाय्य दिले, आणि त्यातून कौशल्याधारित प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम निघाले. परंतु या उसनवारीत मूळ संस्थेचे अर्धेच अंग आले. रोजगाराचे शिक्षण आले; विद्यापीठाशी जोडलेली जाण्यायेण्याची वाट आली नाही. अमेरिकन पद्धतीशी खरे साम्य असलेली एकच ठळक सोय महाराष्ट्रात आहे, ती म्हणजे तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात मिळणारा प्रवेश. तो मार्ग इतका रुळलेला आहे की दहावीनंतर मुद्दाम तो निवडणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि नियम स्पष्ट असले की लहान संस्थेतून मोठ्या संस्थेकडे जाणे समाजाला कमीपणाचे वाटत नाही, हेही त्यातून दिसते. मात्र ही सोय एकाच विद्याशाखेपुरती आणि एकाच दिशेची आहे.

2020 च्या धोरणाने जे बदल आणले, त्यांच्या मुळाशी ‘क्रेडिट’ म्हणजे श्रेयांक ही कल्पना आहे. श्रेयांक हे शिकण्यासाठी दिलेल्या वेळेचे आणि त्यातून सिद्ध केलेल्या आकलनाचे माप असून, राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका वर्षाचे 1200 तासांचे अध्ययन म्हणजे 40 श्रेयांक, असा ढोबळ हिशेब आहे. जुलै 2021 मध्ये आयोगाने शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम जाहीर केले. या बँकेत प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर त्याने मिळवलेले श्रेयांक जमा होतात, ते साधारणपणे सात वर्षे ग्राह्य राहतात, आणि संस्था बदलली तरी खाते बदलत नाही. पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांपैकी किमान निम्मे पदवी देणाऱ्या संस्थेतून मिळवावेत, अशी अट त्यात आहे, म्हणजे उरलेले बाहेरून आणण्यास तत्त्वतः वाव आहे. पहिल्या वर्षानंतर आवश्यक श्रेयांक आणि चार श्रेयांकांचा व्यावसायिक पाठ पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी, अशी बहुविध प्रवेश आणि निर्गमनाची रचना आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात आहे. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परतावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी, अशी मर्यादा तिला घातली आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत, म्हणजे जेऊरसारख्या ठिकाणीही, ही नवी रचना 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून आली.

बँकेत श्रेयांक जमा असणे आणि नव्या महाविद्यालयाने ते मान्य करणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक फक्त नोंद ठेवते. कोणता पाठ कोणत्या पाठाशी समकक्ष आहे, हे विद्यार्थी जेथे जातो त्या विद्यापीठाने ठरवायचे असते, आणि या ठिकाणी गाडे अडते.

पुण्यात अभियांत्रिकीचे पहिले वर्ष पूर्ण करून जेऊरला परतलेल्या आणि कला शाखेत अर्थशास्त्र घेऊ इच्छिणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीची गुणपत्रिका समोर ठेवली, तर हा प्रश्न नेमका कोठे आहे ते दिसते. तिच्या गुणपत्रिकेत गणित, भौतिकशास्त्र, आलेखन, कार्यशाळा, संगणकीय आज्ञावली, संवादकौशल्य, आणि बहुधा पर्यावरण किंवा मूल्यशिक्षणाचा एखादा पाठ असतो. सर्वसाधारण समज असा की यातले काहीही बी.ए.ला चालणार नाही. परंतु महाराष्ट्राच्या नव्या पदवी रचनेत पहिल्या वर्षी एका मुख्य विषयाचा वाटा निम्म्याहून कमी असतो. उरलेले श्रेयांक भाषा व संवाद, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्यपाठ, सहअभ्यासक्रम आणि खुला ऐच्छिक विषय यांत विभागलेले असतात, आणि खुला ऐच्छिक विषय तर मुद्दाम दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावयाचा असतो. म्हणजे तिने शिकलेली संगणकीय आज्ञावली कला शाखेच्या दृष्टीने उत्तम खुला ऐच्छिक विषय ठरू शकते, संवादकौशल्य भाषेच्या खात्यात जाऊ शकते, आणि पर्यावरणाचा पाठ मूल्यशिक्षणात बसू शकतो. अर्थशास्त्राचे मूळ पाठ तिला नव्याने घ्यावे लागतील हे योग्यच आहे. परंतु तिचे सबंध वर्ष वाया गेले असे म्हणण्यास शैक्षणिक आधार नाही. तिचे वर्ष वाया जाते ते समकक्षतेचा तक्ता कोणी तयार करून ठेवलेला नसतो म्हणून. महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिकाकडे असा निर्णय घेण्याचा अधिकार नसतो, विद्यापीठाकडे अर्ज पाठवला तर उत्तर येईपर्यंत प्रवेशाची मुदत संपत आलेली असते, आणि मग ‘प्रथम वर्षालाच बसवा’ हा सर्वांना सोयीचा मार्ग उरतो.

श्रेयांकांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागदपत्रे आणि पैसा. महाविद्यालय सोडल्याचा दाखला, ज्याला बोलीत टी.सी. म्हणतात, आणि विद्यापीठ बदलत असल्यास त्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, हे दोन्ही वेळेत काढावे लागतात. मध्ये वर्ष गेले असल्यास त्या खंडाचे कारण सांगणारे प्रतिज्ञापत्रही मागितले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क, त्यानंतर परंतु अंतिम तारखेच्या आत 90 टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत 80 टक्के, तीस दिवसांपर्यंत 50 टक्के आणि त्यानंतर काहीही नाही, असा परताव्याचा क्रम तिच्यात आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश प्रक्रियेचे स्वतःचे नियमही लागू असतात. दिवाळीनंतर घेतलेल्या निर्णयात त्या वर्षाचे शुल्क गेलेले असते, हे यावरून उघड आहे. ज्या घरांनी शैक्षणिक कर्ज काढले आहे, त्यांनी अभ्यासक्रम सोडण्यापूर्वीच बँकेत जाऊन बोलणे आवश्यक असते, कारण परतफेडीची सवलत मूळ अभ्यासक्रमाच्या कालावधीशी बांधलेली असते. शिष्यवृत्तीच्या बाबतीत, एक पदवी पूर्ण झाल्यावर त्याच स्तरावरील दुसरी पदवी घेणाऱ्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही, हा जुना नियम आहे. अर्धवट सोडून विषय बदलणाऱ्याने आपली पात्रता प्रवेशापूर्वीच महाविद्यालयात आणि समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारून घ्यावी. जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केल्यामुळे, अभियांत्रिकी सोडणाऱ्या मुलीला आता ‘फुकट मिळत असलेले शिक्षण सोडले’ हाही बोल ऐकावा लागण्याचा संभव आहे, आणि तिच्या बाजूने बोलणारे माणूस घरात असणे म्हणूनच अधिक गरजेचे झाले आहे.

विषयबदलाची ही वाट सर्वांना सारखी खुलीही नव्हती. बारावी विज्ञान झालेला विद्यार्थी वाणिज्य किंवा कला शाखेत सहज जाऊ शके. कला शाखेतून आलेल्यास विज्ञानाचे दार बंद असे. आयोगाच्या 2025 च्या विनियमांनी बारावीचे विषय कोणतेही असले तरी संबंधित विषयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास त्या विषयात पदवीला जाण्याची मुभा दिली आहे. ग्रामीण भागातील ज्या मुलींना जवळ विज्ञान शाखा नव्हती किंवा तिचा खर्च नको म्हणून कला शाखेत घातले गेले, त्यांच्यासाठी ही तरतूद मोलाची ठरू शकते. मात्र संबंधित विद्यापीठाने ती आपल्या नियमांत घेतली आहे का आणि परीक्षेची तयारी करून घेणारे शिक्षक जवळ आहेत का, यावर सारे अवलंबून राहील.

मोठ्या विद्यापीठातून तुलनेने लहान ठिकाणी जाऊन विषय बदलल्याने माणसाचे मोल कमी होत नाही, याचे एक ठळक उदाहरण जेऊरचेच आहे. चित्रपट दिग्दर्शक आणि कवी नागराज मंजुळे यांचा जन्म जेऊरचा. पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केल्यानंतर त्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेतले, आणि तेथील अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, ज्याला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि 2016 चा ‘सैराट’ हे त्यानंतरचे. त्यांनी पदवी अर्धवट सोडलेली नव्हती, त्यामुळे हे उदाहरण प्रस्तुत विषयाशी तंतोतंत जुळत नाही. परंतु साहित्याकडून चित्रपटाकडे वळताना त्यांना जे आवश्यक होते, ते एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने दिले. विभाग कोणत्या गावात आहे यापेक्षा तेथे विद्यार्थ्याच्या हातात काम दिले जाते का, हे येथे महत्त्वाचे ठरले.

तालुक्याचे महाविद्यालय हीच आपल्याकडची खरी कम्युनिटी कॉलेज संस्था आहे, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडून ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत उच्च शिक्षणात आणली, तेव्हा घराच्या जवळ, परवडेल अशा खर्चात आणि श्रमाची लाज न बाळगता शिक्षण, हाच त्यामागचा विचार होता. 1989 मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने तो विचार नोकरी करणाऱ्यांपर्यंत, गृहिणींपर्यंत आणि शाळा सुटलेल्यांपर्यंत नेला. अभियांत्रिकी सोडून, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे तरुण महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. परंतु मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बहुतांशी एकटा शिकतो, आणि नुकताच एका विषयातून बाहेर पडलेल्या, आत्मविश्वास डळमळलेल्या तरुणाला रोजचा वर्ग, ग्रंथालय आणि नावाने ओळखणारे प्राध्यापक यांची गरज असते. हे सर्व गावच्या महाविद्यालयात मिळू शकते, आणि येथे त्याची बरोबरी शहरातील गर्दीचे महाविद्यालय करू शकत नाही.

या महाविद्यालयांनी आज लगेच करता येईल असे काम समकक्षतेच्या तक्त्याचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार अभ्यासक्रम ठरवण्याचे काम अभ्यास मंडळे करतात आणि त्यांस मान्यता विद्वत परिषद देते; सोलापूर विद्यापीठ 2004 मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले असल्यामुळे त्याची महाविद्यालये एका मर्यादित क्षेत्रात आहेत आणि असा तक्ता करणे त्याला तुलनेने सोपे आहे. जिल्ह्यातील विद्यार्थी प्रामुख्याने ज्या अभ्यासक्रमांना बाहेर जातात, त्यांच्या पहिल्या दोन सत्रांतील पाठ घ्यावेत, प्रत्येकासमोर आपल्या पदवी रचनेतील कोणत्या खात्यात तो बसतो हे लिहावे, जे बसत नाहीत त्यांच्यासमोर तसे स्पष्ट म्हणावे, आणि हा तक्ता मे महिन्यात, प्रवेश सुरू होण्याआधी, प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या कार्यालयात लावावा. आरंभ अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील संवादकौशल्य, पर्यावरण, गणित आणि संगणकीय आज्ञावली या पाठांपासून करता येईल, कारण बहुतेक सर्व विद्यापीठांत ते थोड्याफार फरकाने सारखेच शिकवले जातात, आणि जेऊरला परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत ते हमखास असतात.